झेडचा सायलेन्सर आणि इन्टेक सोसायटीच्या पार्किंगमध्येच बदलावा का?

झेडोपंत

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत एक जुनी हौस पुरी केली. २०११ ची निसान ३७० झेड, मॅन्युअल, पांढरी. सेकंड हँड म्हणून परवडली, नाहीतर आमची उडी वॅगन-आरच्या पुढे गेली नसती. तेव्हापासून पेट्रोल पंपावर पोरं सेल्फी काढतात आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर माझा जीव वरखाली होतो.

बंगळुरूचा एक झेडवाला गाडी विकून परदेशी गेला. त्याच्याकडून स्टेनलेसचा कॅट-बॅक (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, मागचा) एक्झॉस्ट आणि इंजिनाला हवा देणारे दोन आखूड, उघड्या फिल्टरचे शॉर्ट-रॅम इन्टेक स्वस्तात मिळाले. (झेडच्या व्ही-६ ला हवेचे दोन रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना एकेक फिल्टर आणि एकेक थ्रॉटल बॉडी. म्हणून इन्टेकही दोन.) सामान ट्रान्सपोर्टने भिवंडीला आलं, तिथून टेम्पोने मुलुंडला. पलंगाखाली मावलं नाही म्हणून पलंगाशेजारी उभं आहे. बायकोने त्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली आहे.

दोन गॅरेजांत विचारून आलो. एकाने गाडीखाली न वाकताच "छोड के जाओ, शाम को ले जाना" म्हटलं. दुसरा मूळ सायलेन्सर कापून वेल्डिंग करायला निघाला होता. अहो, बोल्ट काढायचे आणि बोल्ट लावायचे एवढंच काम आहे, कापायचं काय त्यात? तर विचार असा आहे की हे स्वतःच करावं. ब्रेक पॅड, तेल, प्लग ही कामं मी घरीच करतो. पण गाडीखाली झोपून आख्खा एक्झॉस्ट उतरवलेला नाही. पार्किंग स्टिल्टचं आहे, खाली पेव्हर ब्लॉक. लिफ्ट नाही, पिट नाही.

कोणी केलंय का? हत्यारं काय लागतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, करण्यात अर्थ आहे का?

निवांत_पाटील

जागा पकडली. शेंगदाणे कोणाला हवेत?

गोटीपाना

पंत, काम अवघड नाही, जागा अवघड आहे. झेड नाही, पण एका जुन्या जर्मन कूपेवर हेच केलं आहे, तेही कांदिवलीत बिल्डिंगच्या आवारात. म्हणून सविस्तर लिहितो.

पेव्हर ब्लॉकवर जॅक आणि घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) थेट ठेवू नका. ब्लॉकखालची वाळू बसते आणि एक पाय आत जातो. खाली १८ मिमी प्लायचे दोन-दोन हाताएवढे तुकडे घाला. गाडी फक्त जॅकवर असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही, आधी चारी घोड्या, मग गाडीला कुशीवरून दणकून हलवून बघायचं, मगच पाठ टेकायची. काढलेली चाकं सिलखाली (दाराखालच्या पट्टीखाली) आडवी सरकवून ठेवा, घोडी सटकलीच तर गाडी चाकावर बसेल. झेड इतकी खाली आहे की साधा ट्रॉली जॅक आत जाणार नाही, लो-प्रोफाइल लागेल. पुढची चाकं आधी फळीवर चढवली तर जॅकला वाट मिळते.

बोल्ट. मुंबईच्या खाऱ्या हवेत दहा-बारा वर्षं काढलेल्या गाडीचा एक्झॉस्ट बोल्ट हा बोल्ट राहत नाही, नट आणि स्टड यांचा एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारा, सकाळी परत मारा. सहा कोनी गोटीच (नटावर बसणारा सॉकेट) वापरा, बारा कोनी गोटीने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग रडायची पाळी येते. लांब दांडा घ्या आणि एकदम सोडवायच्या भानगडीत पडू नका. थोडा सोडा, परत आवळा, तेल, परत सोडा. कर्रर्र असा कोरडा आवाज आला तर थांबा, आटे चालले आहेत. कॅटच्या बाजूचा स्टड तुटला तर संध्याकाळ गेली असं समजा.

मग रबरं. सायलेन्सर रबरी हँगरवर लोंबकळत असतो. साबणाचं पाणी स्प्रे करा आणि मोठ्या पकडीने ढकला, सटकन निघतं. मूळ मफलर जड आहे, शेवटचं रबर निघायच्या आधी खाली दुसरा जॅक किंवा दुसरा माणूस हवा. छातीवर घेऊ नका.

नवा बसवताना सगळे क्लॅम्प हाताने ढिले ठेवून पुढून मागे जोडत जा. मागची तोंडं बंपरच्या खाचेत मध्यावर आली, खाली रोडपासून आणि वर बॉडीपासून अंतर सुटलं, की पुढून एकेक आवळत मागे या. बोल्टांना कॉपर ग्रीस लावा, पुढच्या वेळी माझी आठवण येईल. पहिल्यांदा चालू केल्यावर धूर आणि उग्र वास येईल, घाबरू नका, पाइपवरचं तेल आणि तुमच्या हाताचे ठसे जळत असतात. पाइपवर आधीच स्पिरिटचं फडकं फिरवलंत तर ठसे कायमचे उमटत नाहीत. लीक बघायला एकाने जाड फडकं धरून मागची तोंडं दाबायची, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यापाशी कान द्यायचा. फुस्स-फुस्स आलं की सांधा सापडला. एकदा फिरवून आणून, गार झाल्यावर सगळं परत आवळा.

कॅट-बॅक असल्यामुळे ऑक्सिजन सेन्सरना हात लावायचा प्रश्न येत नाही. कॅट मात्र काढायचा नाही. काढलात तर डॅशवर पिवळा दिवा, एरर कोड पी ०४२०.

अण्णा_गिरगावकर

गोटीपाना यांचा प्रतिसाद वाचून आमची पद्मिनी आठवली. चाळीच्या दारात, दोन विटांवर चाक चढवून (हो, विटांवर, तेव्हा देवच तारायचा) मी आणि माझा मेहुणा सायलेन्सर बदलायचो. दर पावसाळ्यानंतर पत्रा सडायचाच. नवा सायलेन्सर कुर्ल्याहून बसने आणायचो, कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होतो. असो.

आमचे वडील सांगायचे की एके काळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथे उघड्या सायलेन्सरच्या गाड्या पळवायचे म्हणे. आता तुम्ही त्या मुलुंडमध्ये पळवणार.

सुमेधा_क

मी गाडीवाली नाही, शेजारी आहे. म्हणजे तुमची नाही, पण अशाच एका हौशी माणसाची. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक जण रात्री साडेअकराला गाडी काढतो आणि गेटपाशी उगाच दोनदा घुर्र करतो. माझे वडील बायपासवाले. ते दचकून उठतात, मग तासभर झोप नाही. सकाळी मला "तो आला होता का गं?" विचारतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हॉस्पिटल-शाळेभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तुमची गाडी साधी चालू होतानासुद्धा यात बसत असेल का? कोस्टल रोड झाल्यापासून ब्रीच कँडी बाजूचे लोक याच आवाजाबद्दल तक्रारी करतायत. बोगद्यात ६० ची मर्यादा आहे, पण आवाज घुमतो म्हणून काच खाली करून मुद्दाम गिअर खाली टाकणारे मी स्वतः पाहिलेत.

पाना कोणता लागेल याच्या आधी ही गाडी कुठे आणि किती वाजता चालवणार ते ठरवा.

फटफटीवाला

झालं, आल्या संस्कृतिरक्षक. गणपतीत डीजे चालतो, लग्नात बँड चालतो, बेस्टची बस कानाशी कर्कश हॉर्न मारते, त्याचं काही नाही. एक स्पोर्ट्स कार दिसली की पोटशूळ. मी बुलेटवर शॉर्ट बॉटल सायलेन्सर लावून कित्येक वर्षं फिरतोय. पकडलं की बघू.

सुमेधा_क

पोटशूळ नाही, निद्रानाश. आणि डीजेबद्दलचा माझा धागा वर काढू का?

काळाकोट

"पकडलं की बघू" याच्यावर थोडं लिहितो. पेशाने वकील, मोटार अपघात दावे बघतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यातल्या चौथ्या पोटकलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं प्रकरण वेगळं, कलम १९०(२). पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. लोक दंडाचं बोलतात, लायसन्सचं विसरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरचाच आहे. आणि २०१९ च्या जानेवारीत केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कलम ५२ वर शिक्कामोर्तब केलं आहे, त्यामुळे "आरटीओत ओळख आहे" वगैरे तिथे चालत नाही.

ट्रॅफिकवाल्यांनी जप्त केलेले सायलेन्सर रांगेत मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पेपरात पाहिले असतील. बुलेटचे असतात बहुतेक.

पंत, विम्याचंही बघा. न कळवता केलेला बदल सर्व्हेयरच्या डोळ्यात आला की दावा अडतो. निदान वाद तरी होतोच.

फटफटीवाला

वकीलसाहेब, मग शोरूममध्येच मोठ्या आवाजाच्या गाड्या विकतात त्या कशा चालतात?

काळाकोट

त्या तशाच टाइप-अप्रूव्हल (विक्रीआधीची सरकारमान्य चाचणी) होऊन आलेल्या असतात. तुमची शॉर्ट बॉटल कुठल्या चाचणीतून आली आहे?

निवांत_पाटील

बाटली म्हटल्यावर चाचणी संध्याकाळीच होणार.

मीटरडाऊन

आवाजाचं युद्ध चालू दे, मी इन्टेकवर येतो, कारण त्यावर कोणी बोलतच नाहीये.

पंत, माझ्याकडे पोलो जीटी आहे आणि उघडा कोन फिल्टर लावून झाला आहे. ओबीडीला (गाडीचं निदान करायच्या सॉकेटला) ब्लूटूथचा डोंगल लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान सतत बघत होतो. मे महिना, बाहेर ३३-३४. ईस्टर्न एक्सप्रेसवर गाडी धावत असताना आकडा बाहेरच्यापेक्षा थोडाच वर. पण सायनला सिग्नलला अडकलो आणि आकडा चढत चढत साठीच्या घरात. कारण उघडा फिल्टर बोनेटखालचीच तापलेली हवा ओढतो. कंपनीचा डबा कुरूप असतो पण तो पुढच्या ग्रिलजवळची गार हवा आणतो आणि इंजिनाची धग अडवतो. हवा दर ३ अंशांना साधारण १ टक्का विरळ होते. म्हणजे साठला तुम्ही आठ-नऊ टक्के हवा गमावलीत, वर इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटणं, टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतं. फुसफुस आवाज छान येतो, नाही म्हणत नाही. गाडी मात्र ट्रॅफिकमध्ये मरगळलेली.

झेडमध्ये अजून एक भानगड. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर पाइपातच असतो आणि त्याचं गणित त्या पाइपाच्या व्यासावर बसवलेलं असतं. नव्या पाइपाचा व्यास वेगळा असेल तर सेन्सर चुकीची हवा मोजतो, मिश्रण पातळ होतं, पी ०१७१ आणि पी ०१७४ हे एरर कोड एकदम येतात. झेडला दोन सेन्सर, म्हणजे दोन डोकेदुख्या. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल तर जास्तीचं तेल त्या सेन्सरच्या तारेवर चिकटतं, ते वेगळंच.

आणि निसानबद्दल ऐकलेलं नाही, वाचून-बघून सांगतो: पाइप काढल्यावर थ्रॉटलची फडकी बोटाने उघडून बघू नका. आयडल चढून बसतं आणि मग ते ॲक्सिलरेटर ठरावीक वेळा दाबून 'आयडल लर्निंग' करायचा प्रकार करावा लागतो.

झेडोपंत

मीटरडाऊन, हे माहीत नव्हतं. मग मोठा कोल्ड-एअर घ्यावा का, ज्याचा फिल्टर बंपरमागे खाली जातो? गार हवा मिळेल.

कोकणमेवा

मिळेल. आणि पावसात तुंबलेल्या हिंदमाताला गार पाणीही मिळेल.

कोकणमेवा

वरचं गमतीत लिहिलं, पण गंभीर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, आमच्या काकांचा गॅरेजचा धंदा तेव्हा कुर्ल्यात होता. नंतरचे आठवडे त्यांच्याकडे फक्त वाकलेले कनेक्टिंग रॉड येत होते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी शिरलं आणि पिस्टन वर आला की काहीतरी वाकणारच. बऱ्याच गाड्या पाण्यात बंद पडल्या तेव्हा धड होत्या, मालकाने "बघू चालू होते का" म्हणून चावी फिरवली तेव्हा गेल्या.

साध्या गाडीच्या हवेचं तोंड बोनेटच्या वरच्या कडेला असतं, म्हणून ती गुडघाभर पाण्यातून निघते. तुमचा फिल्टर बंपरमागे, रस्त्यापासून वीतभर वर. मुलुंडहून सायनला जाताना जुलैत वीतभर पाणी किती ठिकाणी असतं ते मोजा. आणि विम्यात इंजिनासाठीचा वेगळा ॲड-ऑन नसेल तर हा खर्च सहसा तुमच्या खिशातून.

अण्णा_गिरगावकर

थोडक्यात शॉर्ट-रॅम म्हणजे भाजून घ्या आणि कोल्ड-एअर म्हणजे बुडून मरा. कंपनीचा डबाच बरा दिसतोय.

मीटरडाऊन

अण्णा +१. फार तर कंपनीच्याच डब्यात बसणारा चांगला चपटा फिल्टर घाला. दहा मिनिटांचं काम, पाऊस-ऊन काही नाही, वकीलसाहेबांनाही काही म्हणता येणार नाही.

काळाकोट

फिल्टर झिजणारा भाग आहे, तो सगळेच बदलतात. त्यावर मला पोट भरता येणार नाही.

शिवाजीपार्क_थर्डमॅन

माझ्या चुलतभावाने सांगितलं की मोठा एक्झॉस्ट लावला की बॅक-प्रेशर जातं आणि गाडीचा टॉर्क जातो. इंजिनाला बॅक-प्रेशर लागतंच. खरं का?

मास्तर_माटुंगा

चुलतभावाला सांगा की इंजिनाला बॅक-प्रेशर कधीच नको असतं. हवा असतो तो जळक्या वायूचा वेग. पाइप योग्य व्यासाचा असेल तर एका सिलिंडरमधून वेगाने निघालेला वायू मागे कमी दाब सोडतो आणि तो पुढच्या सिलिंडरचा वायू ओढायला मदत करतो. फार रुंद पाइप घातला की वेग मंदावतो, ही ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमवर टॉर्क पडतो. लोकांनी टॉर्क पडलेला पाहिला आणि दोष बॅक-प्रेशर गेल्याला दिला.

आता पंतांनी न विचारलेला प्रश्न, जो त्यांना नंतर पडणार आहे. कॅट-बॅक लावल्यावर एका ठरावीक आरपीएमवर केबिनमध्ये घूंsss असा आवाज बसतो. याला ड्रोन म्हणतात आणि पुण्याला जाताना डोकं उठतं. गणित सोपं आहे. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट. २,४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झ. नेमक्या त्या आकड्याला केबिनची पोकळी साथ देते. उपाय म्हणजे मुख्य पाइपाला एक बंद तोंडाची फांदी काढायची, तरंगलांबीच्या पाव लांबीची. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला तर ५०० भागिले १२०, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास तरंगलांबी, त्याचा पाव साधारण एक मीटर. या फांदीत शिरलेला तरंग तळाला आपटून उलटा परत येतो आणि मुख्य पाइपातल्या तरंगाला मारतो. वाकवून बसवली तरी चालते. आधी मात्र आपल्या गाडीत घुमणारा आकडा टॅकोमीटरवर बघून घ्या, माझा २,४०० हा उदाहरणादाखल आहे.

ताकदीचं म्हणाल तर ट्यून न करता नुसत्या कॅट-बॅकने जे वाढतं ते सीटला कळत नाही. कानाला कळतं, आणि कान सीटला फितवतो.

निवांत_पाटील

मास्तर, दहावीला तुम्ही असता तर मी फिजिक्समध्ये पास झालो असतो. _/\_

फटफटीवाला

मास्तर, ही फांदी बुलेटला बसते का?

मास्तर_माटुंगा

बुलेटला केबिन कुठे आहे? तुमचा ड्रोन सुमेधाताईंच्या घरात घुमतोय.

सुमेधा_क

मास्तर, दंडवत.

गोटीपाना

थोडं अवांतर. पंतांनी ग्रेड विचारून घ्यावी. स्टेनलेस म्हटलं की सगळं सारखं नसतं. ४०९ ला चुंबक चिकटतं आणि आपल्या हवेत वरून तपकिरी होतं, ३०४ ला सहसा चिकटत नाही आणि ते टिकतं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन पलंगाशेजारी जा. फक्त टॉवेल आधी उचला.

झेडोपंत

चुंबक चिकटलं नाही. वहिनींना (म्हणजे माझ्या सौ.ना) आता वाटतंय की मला वेड लागलंय.

*(मधले आठेक प्रतिसाद "दिल्लीत पीयूसी न काढता गाडी चालते का" या विषयावर गेल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

झेडोपंत

मंडळी, अपडेट. आधी कुठे केलं ते सांगतो. सोसायटीत करायचं म्हटल्यावर सेक्रेटरींनी आवारात गाडी दुरुस्त करायला मनाई असल्याचा ठराव दाखवला. आणि पेव्हर ब्लॉकवर घोडी ठेवून पाहिली तर गोटीपाना म्हणतात तसा एक पाय लगेच आत गेला. म्हणून मित्राच्या भिवंडीच्या गोडाऊनमध्ये नेली. काँक्रीटची फरशी, वर पत्रा, शेजारी चहाची टपरी. त्याचा भाचा हाताशी होता. तो डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, पण आख्खी गाडी खालून पहिल्यांदाच पाहत होता.

डाव्या बाजूचे बोल्ट निमूट सुटले. उजव्या बाजूचा कॅटकडचा एक नट हलायलाच तयार नव्हता. तेल, थांबणं, परत तेल. शेवटी शेजारच्या फॅब्रिकेटरचा गॅस घेऊन फक्त नट लाल केला, स्टड नाही. लाल असताना पाना लावला तर नाही, काळपट झाल्यावर लावला तर कुईं करून सुटला. तो आवाज भाच्याने रेकॉर्ड केलाय. गॅस लावताना इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते आधी बोटाने दाखवून घेतलं आणि फायर एक्स्टिंग्विशर पायाशी ठेवला होता, हे काळजीवाहूंसाठी.

रबरं साबणाच्या पाण्याने निघाली. मूळ मफलर खरंच जड. नवा त्याच्या निम्म्याने असेल. मागची तोंडं मध्यावर आणण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. उजवं बरोबर आलं की डावं बंपरला टेकतं, डावं खाली घेतलं की उजवं फिरतं. तेव्हा "सगळे क्लॅम्प ढिले ठेवा" याचा अर्थ कळला.

इन्टेक लावले नाहीत. अण्णांच्या "भाजून घ्या नाहीतर बुडून मरा" नंतर हिंमत झाली नाही. मूळ डब्यांत दोन नवे कोरडे फिल्टर टाकले, थ्रॉटलला बोट लावलं नाही.

आता आवाज. थंड इंजिन चालू करताना भारदस्त. तीन हजारांपर्यंत सुरेख. चार हजारांच्या वर मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर. झेडवाले याला रास्प म्हणतात आणि या व्ही-६ चा हा जुना रोग आहे म्हणे. ड्रोन २,२०० च्या आसपास, मास्तरांनी लिहिल्याप्रमाणे नेमका पुण्याच्या वेगाला.

मास्तर_माटुंगा

२,२०० म्हणजे ११० हर्ट्झ. फांदी जरा लांब, ११४ सेंटिमीटर धरा. खरखर मात्र वरच्या कंपनांची आहे, ती फांदीने जात नाही. तिला छिद्राच्या नळीभोवती लोकर भरलेला सरळ रेझोनेटर हवा, प्रत्येक पाइपात एक.

सुमेधा_क

पंत, अभिनंदन. आता एकच सांगा, सोसायटीत शिरताना काय करता?

झेडोपंत

सुमेधाताई, खरं सांगतो. मोबाइलच्या ॲपवर गेटपाशी मोजलं, आयडलला जुन्यापेक्षा सात-आठ डेसिबल जास्त दाखवतंय. दहानंतर काढत नाही. पण सकाळी साडेसहाला काढली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून बघितलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं.

काळाकोट

ॲपचे आकडे कोर्टात कोणी विचारणार नाही. आकडा कमी आला तरी कलम ५२ तसंच राहतं, हे लक्षात असू द्या.

फटफटीवाला

अरे करू दे की त्याला. एवढी गाडी घेतली ती काय भजन ऐकायला?

मीटरडाऊन

आमच्या ग्रुपमधल्या एकाने यावर मार्ग काढलाय. मूळ एक्झॉस्ट गाडीवर, मोठा एक्झॉस्ट ट्रॅक डेच्या (ट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवसाच्या) आधी लावतो आणि आल्यावर उतरवतो. कॉपर ग्रीस असेल तर बोल्ट दर वेळी हाताने सुटतात. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर जातो, गाडी ट्रेलरवर, एक्झॉस्ट सोबत. खर्चिक आहे, पण तिथे कोणाचे वडील झोपलेले नसतात.

सुमेधा_क

हे आवडलं.

झेडोपंत

मीटरडाऊन, मी पण साधारण याच विचारावर आलोय. पोलीस हे कारण आहेच, पण ती खरखर आणि ड्रोन घेऊन रोज मुलुंड ते बीकेसी करायची ताकद नाही. दर वेळी गोडाऊन गाठावं लागेल, पण मित्र म्हणतोय ये, चहा तुझ्याकडून. पुढच्या रविवारी मूळ मफलर परत चढवतो. नवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका फॅब्रिकेटरकडे देतोय, मास्तरांच्या मापाची फांदी आणि दोन रेझोनेटर टाकायला. हिवाळ्यात कोइंबतूर.

अण्णा_गिरगावकर

आणि ते दोन इन्टेक?

झेडोपंत

विकायला काढलेत. कोणाला हवेत? टॉवेल वाळवायला उत्तम.

फटफटीवाला

किती?

झेडोपंत

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गोटीपाना, जाता जाता एक: मूळ मफलर परत चढवताना जुन्याच गॅस्केट वापरल्या तर चालतील का? दिसायला ठीक आहेत.

गोटीपाना

नाही. एकदा दाबून तापलेली गॅस्केट परत तशी बसत नाही, आठवड्यात टिकटिक सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल टॅपेट वाजतायत. निसानच्या पार्ट नंबरने नव्या मागवा, यायला वेळ लागतो म्हणून आजच सांगून ठेवा. आणि ज्या नटाला गॅस दिला तो आणि त्याचा स्टड दोन्ही बदला. लाल झालेलं पोलाद मऊ पडतं, पुढच्या वेळी आवळताना तेच तुटेल.